चौथ्या सेकंदाला जहाज हलतं

११ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तुला आता काहीच ऐकू येत नाही. गेल्या रविवारी मी "जहाज" म्हणाले, तर तू "जुलाब कुणाला झाले?" असं विचारलंस. तेव्हाच ठरवलं, यापुढे पत्रच लिहायचं.

विषय जहाजाचाच आहे. तू आणि बाबा ज्या वर्कशॉपमध्ये होतात, तिथे तुम्ही केलेल्या त्या चंद्राच्या सिनेमाच्या चाहत्यांचं आमचं एक मंडळ आहे, हे तुला माहीत आहेच (तू त्याला 'रिकामटेकड्यांची परिषद' म्हणतोस). यंदा सिनेमाला चाळीस वर्षं झाली. जूनमध्ये मेळावा आहे आणि प्रत्येकानं त्यातला एकेक शॉट नव्यानं करून आणायचाय. अट एकच, कॉम्प्युटर वापरायचा नाही. तुम्ही जसं केलंत तसं, पुठ्ठा, प्लास्टर, तारा आणि दिवे घेऊन करायचं. बँकेतले एक गृहस्थ स्फोट करतायत. शाळेतल्या एक बाई काचेवर आख्खं शहर रंगवतायत. मी उतरण्याचा शॉट घेतलाय. अवकाशातलं ते जहाज डावीकडून येतं, खडकांवरून सरकतं आणि चंद्रावरच्या तळाकडे वळतं. सात सेकंद. म्हणजे तुझाच शॉट.

मला एकच गोष्ट कळत नाही. चौथ्या सेकंदाला जहाज थरथरतं. अर्धाच सेकंद, पण आमच्या मंडळात त्या अर्ध्या सेकंदावर भांडणं झालीत. माझं म्हणणं असं, की खालची जमीन पहिल्यांदा दिसल्यावर जहाज बिचकतं. त्या क्षणी पत्र्याच्या डब्यात जीव येतो रे मामा! मी लहानपणापासून तो शॉट शेकडो वेळा पाहिलाय. कसं केलंस ते? तार सैल सोडलीस? बोटानं टिचकी मारलीस?

बाबांना विचारायचं राहून गेलं. त्यांना जाऊन सहा वर्षं होतील, आणि होते तेव्हाही ते या सिनेमाचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. आता तूच काय तो आधार.

तुझी भाची


२० जानेवारी

चि. दातवाल्या बाईंना मामाचे आशीर्वाद.

जुलाब मला नव्हते, पण तुझं पत्र वाचून होतील असं वाटलं. आम्ही पोटासाठी केलं ते तुम्ही हौसेसाठी करताय. करा. हौसेला मोल नाही.

आता कामाचं. जमीन मोठ्या टेबलावर प्लास्टरची कर आणि खडक टेबलाला पक्के चिकटव. दिवा एकच, एका बाजूनं, कडक. चंद्रावर हवा नाही, सावली काळीकुट्ट हवी. दुसरा दिवा लावलास की चंद्र संपला आणि बगिचा सुरू झाला. जहाज तीन बारीक तारांनी वरच्या ट्रॉलीला टांगायचं, तारांना मेणबत्तीची काजळी लावायची. ट्रॉलीला दोरी, दोरी लाकडी चक्रीवर, चक्रीला दांडा. कॅमेरा चौपट हळू चालवायचा. म्हणजे पडद्यावरचे सात सेकंद टिपायला तुला अठ्ठावीस सेकंद लागतील. एक सावकाश श्वास, चक्रीचा एक फेरा, पडद्यावरचा एक सेकंद. सात श्वासांत काम झालं.

आणि चक्री फिरवणाऱ्यानं जहाजाकडे बघायचं नाही. बघितलं की हात त्याच्या मागे धावतो. डोळे मिटायचे आणि श्वास मोजायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं.

कॅमेऱ्याशी तुझा बाबा असायचा. जहाज जवळ येतं तसा फोकस बदलावा लागतो, म्हणून तो लेन्सवरची रिंग हळूहळू फिरवायचा. लेन्स कुठून आणू, असं विचारशील म्हणून सांगतो, काखेत कळसा नि गावाला वळसा. वर्कशॉप बंद झालं तेव्हा ती लेन्स तुझ्या बाबानं विकत घेतली. तुमच्या कपाटावरच्या काळ्या पेटीत असेल. त्यानं ती पुन्हा कधी वापरली नाही, का ते मला माहीत नाही.

चौथ्या सेकंदाचं म्हणशील तर ते मुद्दाम केलेलं नाही. चूक आहे ती. तू करशील त्यात ती नको. विषय संपला.

तुझा मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

विषय संपला म्हणजे काय? मी तुझ्याच बहिणीची मुलगी आहे.

आधी प्रगती ऐक. रविवारी आमची कवळ्या बनवायची लॅब बंद असते, तेव्हा मालकांनी मागची खोली दिलीय. चंद्र दातांच्या पिवळ्या प्लास्टरचा केला आणि वर करडा रंग दिला. चंद्रावरची धूळ म्हणजे आमची कवळ्या घासायची पावडर. जहाजाचं नाक पेनच्या टोपणांचं, पंख वस्तऱ्याच्या डबीचे, आणि मागे इंजिनाचा उजेड पडतो तिथे हिरड्यांचं गुलाबी अॅक्रिलिक. एका आजोबांची कवळी घ्यायला त्यांची सून आली होती. ती जहाज बघून म्हणाली, "हे कुणाच्या तोंडात बसणार?" काळी पेटी सापडली. लेन्स काच न काच स्वच्छ आहे, फक्त कडेला एक पोचा आहे.

आता तुझ्या 'चुकी'बद्दल. मामा, मेळाव्यातले लोक त्या अर्ध्या सेकंदासाठी येतात. तोच काढला तर मी काय दाखवू? पण तो मला जमतही नाही. चाळीस वेळा चक्री फिरवून पाहिली. सतरा वर्षं दाताच्या कडेवर मेण चढवणारा माझा हात मुद्दाम कापायला तयार नाही. कापवला तर जहाज उचकी लागल्यासारखं दिसतं. तुझी ती थरथर काही औरच आहे.

आईला विचारलं तर म्हणाली, "मामाजवळ त्या शॉटचं काढू नकोस." का, ते सांगत नाही. तुम्ही भावंडं म्हणजे मूग गिळून बसण्यात एक नंबर. काय झालं होतं?

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

चि. दातवाल्या बाईस,

तुझ्या आईनं तोंडाला कुलूप लावलं ते माझ्यासाठी. मीच उघडतो, म्हणजे तू तिच्या मागे लागणार नाहीस.

तो दिवस नऊ नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच जहाज स्फोटाच्या शॉटसाठी जाळायचं होतं, म्हणून उतरण्याचा शॉट त्या दिवशी उरकायलाच हवा होता. दोनदा बिघडला, एकदा दिवा गेला, एकदा तार चमकली. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं असं सगळेच म्हणाले. दहा तारखेला जहाज जाळलं. अकरा तारखेला फिल्म धुऊन आली आणि आम्ही चौदा जण ती बघायला बसलो. तारे त्याच फिल्मवर आधी वेगळे टिपून ठेवलेले होते. पडद्यावर तारे जागच्या जागी, आणि चौथ्या सेकंदाला जहाज हललं.

दिवे लागले. आमचे साहेब उठले. म्हणाले, "चक्रीवर कोण होतं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "हात दाखव." मी सगळ्यांसमोर उजवा हात पुढे केला आणि तो कापत होता. अशा वेळी कुणाचाही कापेल, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मी स्वतःच माझ्या हाताकडे बघितलं आणि मलाही पटलं.

बोलणार काय? शॉटच्या वेळी माझे डोळे मिटलेले. ट्रॉली अडली असेल, दोरी ताणली असेल, असं म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, नाचता येईना अंगण वाकडं. पुन्हा करावा तर जहाजाची राख झालेली. शॉट तसाच सिनेमात गेला.

तेव्हा एकच माणूस उठला, तुझा बाबा. म्हणाला, "साहेब, माणूस आहे, हात कुणाचाही कापतो. एवढ्यावरून त्याला काढू नका." त्यांनी काढलं नाही. चक्रीवरून उठवून रंगाचे डबे धुवायला बसवलं. चार महिन्यांनी मीच सोडलं आणि ग्रंथालयात लागलो. पुस्तक हातातून पडलं तरी फुटत नाही.

सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. तुला वाटतं मी चहा कमी पितो. तसं नाही, चारचौघांत अर्ध्याहून जास्त भरलेला कप मी उचलत नाही. एकटा असलो की हात ठीक असतो. कुणी बघतंय म्हटलं की त्याला अकरा नोव्हेंबर आठवतं.

पण ते एक वाक्य मी चाळीस वर्षं जपलंय. हात कुणाचाही कापतो. बाकीचे माना खाली घालून बसले होते आणि हा एकटा बोलला. पुढे त्यानं माझ्या धाकटीला मागणी घातली तेव्हा घरात सगळ्यांत आधी हो म्हणणारा मी होतो. तुझा बाबा असा होता, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. नाहीतर मी हे कुणालाच सांगत नाही.

आता ती थरथर काढ. म्हाताऱ्याचं ऐक.

तुझा मामा


९ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं, हातातली दाताची कॅप बशीत ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी तुझ्या जखमेला 'जीव येतो' म्हणत होते. चुकले.

थरथर काढते. जहाज सरळ जाईल, लोण्यातून सुरी जावी तसं. मंडळ काय म्हणायचं ते म्हणू दे.

बाबांचं वाक्य मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते स्वतः तर नाहीच. आज आईला ते दोनदा वाचून दाखवलं. माझा बाप चौदा माणसांत उठून बोलला होता, आणि मला तो आयुष्यभर गॅलरीत उभा राहणारा माणूस वाटत आला.

एक चांगली बातमी. मंडळातल्या एकाला जुन्या प्रिंटची स्वच्छ प्रत मिळालीय, पूर्ण चौकटीची. आजवर आम्ही जी बघत होतो तिच्या चारही कडा कापलेल्या होत्या. शॉटच्या सगळ्या फ्रेम मोठ्या छापून पाठवतोय. त्यावरून जहाजाचा वेग बरोब्बर मोजता येईल. मोजून झालं की लगेच लिहिते.

तुझी भाची


२८ एप्रिल

चि. बाईस,

'लगेच लिहिते' म्हणालीस त्याला सात आठवडे झाले. तुमच्या लॅबमध्ये 'लगेच' म्हणजे किती, हे कळलं तर मी माझी कवळी दुसरीकडे सांगीन.

तुझ्या आईला फोन केला. तिचं मला ऐकू आलं नाही, पण ती रडत नव्हती, एवढं कळलं. म्हणजे प्रकृती ठीक असावी. जहाज पडलं का? पडलं तर पडलं, दुसरं कर. दोन ओळी टाक.

तुझा मामा


४ मे

प्रिय मामा,

सॉरी, सॉरी. लॅबमध्ये कामाचा डोंगर आहे. उन्हाळ्यात लोकांना एकदम दात आठवतात. आई मजेत आहे, तिनं नवा चष्मा केलाय आणि आता तिला घरातली सगळी धूळ दिसते, त्यामुळे आम्ही मजेत नाही.

जहाज छान झालंय. पण मी विचार करतेय की हा शॉट सोडून द्यावा. सगळ्यांना तोच आवडतो, त्यात माझं असं काय? त्यापेक्षा सुरुवातीचा बोगद्याचा शॉट करीन. तो सोपा आहे आणि माणसं कमी लागतात.

तुझ्याकडे गरम होत असेल. पंख्याचा आवाज करणारा भाग बदलून घे. प्रकृतीला जप.

तुझी भाची


११ मे

बाईसाहेब,

ताकाला जाऊन भांडं लपवू नये. मी तीस वर्षं ग्रंथालयात काढलीत, फाडलेलं पान कुठे होतं ते मला कळतं. तू गेल्या पत्रात एकदाही बाबाचं नाव काढलं नाहीस. फ्रेमचं काही लिहिलं नाहीस. आणि माझा पंखा बंद पडून वर्ष झालंय, हे तुला माहीत आहे.

मला वाटतं ते असं. तू ती थरथर मोठी छापून बघितलीस आणि माझा हात तुला दिसला. मी लिहिलं त्याहून वाईट दिसला. म्हणून म्हाताऱ्याला दुखवू नये असं ठरवलंस. अगं, चाळीस वर्षांत मला त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, एवढंच माझं दुखणं आहे. सगळे कप अर्धा भरून देतात आणि खिडकीबाहेर बघतात. तू तरी तसं करू नकोस.

किती कापला होता हात? आकडा लिही.

मामा


१५ मे

प्रिय मामा,

आकडा लिहिते. शून्य.

नीट लिहिते, म्हणजे तुला मोजून बघता येईल. सोबत बारा फ्रेम पाठवतेय. त्या अर्ध्या सेकंदात जहाजाखालची जमीन काळ्या सावलीत बुडालेली असते, पण स्वच्छ प्रतीत खाली उजव्या कोपऱ्यात एक खडक उजेडात आहे, बसलेल्या बेडकासारखा. जुन्या प्रतींत तो कापला गेला होता, म्हणून आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. तुम्ही चौदा जणांनी पाहिला असेल, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे जहाजावर असणार. दातांच्या कॅपची जाडी मोजायचं माझं कॅलिपर मी जहाजाला लावलं, तसंच त्या खडकालाही लावलं. वेगासाठी एक पक्की खूण हवी होती म्हणून. बाराही फ्रेममध्ये जहाज जेवढं हललंय तेवढाच खडक हललाय. त्याच दिशेला.

मामा, तो खडक टेबलाला चिकटवलेला होता. त्याला ना तार होती, ना दोरी, ना तुझा हात. जहाज हललंच नाही. कॅमेरा हलला. तारे वेगळे टिपलेले, म्हणून ते शांत राहिले आणि सगळ्यांना वाटलं एकटं जहाज हललं. अंगण खरंच वाकडं होतं.

हे मार्चमध्येच कळलं. मग मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. बाबांची लेन्स कॅमेऱ्यावर चढवली. जहाज जागेवर टांगून ठेवलं, चक्रीजवळ कुणीच नव्हतं. फक्त रिंग फिरवली. रिंगवरच्या तीनच्या खुणेपाशी, जिथे तो पोचा आहे, तिथे ती अडते आणि जोर लावला की झटक्यानं सुटते. कॅमेऱ्याचा स्टँड डुलतो. फिल्म बघितली तर माझं जहाज थरथरत होतं. अगदी तसंच.

ज्याच्या हातात रिंग असते त्याला तो झटका लागतोच. तरीही मी स्वतःला समजावलं की घाईत कळला नसेल. मग लेन्सची पेटी पुन्हा उघडली. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, बाबांच्या अक्षरात. "तीनच्या खुणेला रिंग अडते, झटका बसतो. जपून." खाली तारीख आहे, बारा नोव्हेंबर. तुम्ही फिल्म बघितलीत त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

उठून बोलले तेव्हा त्यांना ठाऊक होतं का, हे मला माहीत नाही. बारा तारखेला ठाऊक होतं. आणि पुढे चौतीस वर्षं ते तुझा कप अर्धा भरलेला बघत राहिले.

मी दोन महिने गप्प बसले, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगितलं तर तुझं ते वाक्य जातं, नाही सांगितलं तर तुझा हात जातो. आईला काही बोललेले नाही. तुझं पत्र आलं नसतं तर कदाचित तुलाही बोलले नसते, आणि मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला असता? मला त्यांचा इतका राग येतोय, आणि ते इतके आठवतात, की मी त्या खोलीत जाऊ शकत नाही.

मला क्षमा कर. त्यांच्या वतीनं नाही मागत, माझ्या दोन महिन्यांबद्दल मागतेय.

तुझी भाची


२ जून

चि. बाईस मामाचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी मोजलं. माझ्याकडे कॅलिपर नाही, पट्टी आणि भिंग आहे. बाराच्या बारा फ्रेम मोजल्या, मग उलट क्रमानं पुन्हा मोजल्या. बेडूक हलतो. तुझं बरोबर आहे.

मग तीन दिवस मी तुझ्या बाबाला शिव्या दिल्या. मोठ्यानं. शेजारीण दार वाजवून विचारायला आली, कुणाशी भांडताय? म्हटलं, मेहुण्याशी. म्हणाली, ते कधी आले? तेव्हा रडू आलं. बिचारी पाणी घेऊन आली.

आता जरा शांतपणे लिहितो. अकरा तारखेला तो उठून बोलला तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालतो. त्याला ते वाक्य बोलताना मी पाहिलंय, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. दुसऱ्या दिवशी त्यानं लेन्स तपासली असणार. तपासायला दुसरं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे तो माझ्यासाठीच तपासायला गेला असणार, आणि सापडला तो स्वतः. मग एक दिवस गेला, एक आठवडा गेला, मी डबे धुवायला लागलो, त्याचं लग्न ठरलं. पहिल्या दिवशी जे एका वाक्याचं काम असतं ते महिन्याभरानं डोंगराएवढं होतं. हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. मला तो माणूस माहीत आहे, म्हणून लिहितो.

दोन गोष्टी मात्र तुला सांगायलाच हव्यात. तू झालीस तेव्हा मी बघायला आलो होतो. तुझ्या आईनं तुला माझ्यापुढे केलं आणि मी हात मागे घेतले. म्हटलं, पाडीन. तुझ्या बाबानं तुला पटकन घेतलं आणि खोलीबाहेर निघून गेला. मला वाटलं, लेकीचं कौतुक. आता वाटतं, त्याला माझ्यासमोर उभं राहवलं नसेल. या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जाईल असं मी लिहीत नाही. तुला मी पहिल्यांदा हात लावला तो तू चालायला लागल्यावर, बोट धरून.

दुसरी गोष्ट दवाखान्यातली. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्याजवळ बसायचो. एका दुपारी त्यानं माझा उजवा हात धरला, उलटासुलटा करून बघितला. म्हणाला, "अरे, ते जहाज..." त्याला धाप लागत होती. मी म्हटलं, "बोलू नकोस, दम लागेल. जहाज गेलं खड्ड्यात." तो गप्प झाला. हात सोडला नाही, पण गप्प झाला. चौतीस वर्षांनी तो बोलायला निघाला होता आणि मीच त्याला थांबवलं.

तुझ्या आईला तू काही सांगू नकोस. मी सांगेन. ती त्याची बायको होण्याआधी माझी बहीण आहे.

बोगदाबिगदा काही करायचा नाही. चौदा तारखेला रविवार आहे, मी येतोय. चक्री मी फिरवणार, डोळे मिटून. तुमच्या लॅबमधल्या सगळ्यांना बोलाव, बघू देत. लेन्स दुरुस्त करू नकोस. रिंग तू फिरव, तीनच्या खुणेला अडली तर अडू दे, जहाज हलू दे. तुमच्या रिकामटेकड्यांना तोच अर्धा सेकंद हवाय ना, मिळू दे त्यांना.

फक्त एक कर. हललं की लगेच, मी डोळे उघडायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, "मामा, ते माझ्याकडून हललं." एवढंच वाक्य. मग आपण सातही श्वास पुरे करू.

तुझा मामा